धोंडू प्रॉम्प्टरचा रविवार

तिसरी घंटा झाली असं समजा. पडदा वर जातो आणि दिसते ती झाडगावातली दोन खोल्यांची जागा. जांभ्याच्या भिंती, खाली कोबा, पश्चिमेला एकच खिडकी. जानेवारीतला रविवार आहे, संध्याकाळचे पाच वाजून गेलेत. खिडकीच्या गजांवर पांढरा पंचा पसरलाय आणि त्यातून गाळून आलेलं ऊन एका लाकडी बाकड्यावर पडलंय. बाकड्यापुढे टेबल. टेबलावर भात मोजायची जुनी पायली, आणि पायलीला टेकवून उभा केलेला मोबाइल.

आता पात्र येतं. वय शहात्तर, उंची बेताची. अंगात इस्त्रीचा सदरा, खाली मात्र घरातलीच लुंगी. हा माणूस आधी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून ठेवतो, कारण ते वाऱ्यावर फडफडतं. मग पंखा बंद करतो. सदऱ्याच्या टोकाने मोबाइलची काच पुसतो, मग वरचं कॅमेऱ्याचं ते बारीक भोक पुसतो. आत जाऊन तांब्याभर पाणी आणि बशीत गुळाचा खडा आणतो, मोबाइलच्या समोर मांडतो, आणि बाकड्यावर बसतो. अजून वीस मिनिटं आहेत. हात मांडीवर ठेवून तो वाट पाहत राहतो.

हे सगळं मी रस्त्यावर उभा राहून उघड्या दारातून पाहिलं. त्या पंच्याशी नजर अडकली. पंचा वाळत घातलेला नव्हता. ऊन मऊ होऊन तोंडावर पडावं म्हणून तो तिथे लावला होता. आमच्या नाटकांत दिव्यांसमोर पातळ कागद लावायचे, तीच युक्ती. सबंध आयुष्य विंगेच्या काळोखात काढलेल्या माणसाला स्वतःच्या चेहऱ्यावर उजेड कसा घ्यावा हे इतकं नेमकं कळावं? आणि चाळीस वर्षं ज्याच्या तोंडावर दिवे होते तो मी, घरी पाठीमागे ट्यूबलाइट ठेवून बसत होतो. मोबाइलवर मी भुतासारखा काळा दिसतो हे मला बायकोने सांगितलं तेव्हा कळलं.

हा धोंडू. आमच्या नाटकमंडळीचा एकतीस वर्षांचा प्रॉम्प्टर.

त्याचं गाव पालीहून बरंच आत. वडील रावजी, भातशेतीचे. दोघे भाऊ मुंबईला गेले. धोंडू सातवी होऊन रत्नागिरीत उतरला आणि एका छापखान्यात खिळे जुळवायला लागला. शिशाची अक्षरं उलटी असतात, ती उलटीच वाचायची. त्यामुळे नाटकाची वही समोर कशीही धरा, आडवी, उलटी, मिणमिणत्या दिव्यात, त्याला काही फरक पडत नसे. आमचे दिग्दर्शक जाहिरात छापायला गेले होते ते येताना धोंडूलाच घेऊन आले. दिवसा छापखाना, संध्याकाळी तालीम. त्याची बायको काशी अधूनमधून प्रयोगाला यायची आणि घरी गेल्यावर विचारायची, "तुमी खयंच दिसला न्हाय ते?" हे धोंडूच सांगायचा आणि हसायचा. सहा वर्षांपूर्वी ती गेली. मूलबाळ नाही.

प्रॉम्प्टर म्हणजे नटाला विसरलेला शब्द आठवून देणारा माणूस. वाईट प्रॉम्प्टर आधीच ओरडतो, नट बिचकतो आणि लोकांना दोघांचे आवाज ऐकू येतात. धोंडू तसं करत नसे. नटाने श्वास घेतला आणि शब्द आला नाही, की त्या श्वासाच्या फटीत तो शब्द सरकवायचा. कुणाचा श्वास केवढा हे त्याला पाठ होतं.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, ती इथे सांगून टाकतो. खेडला प्रयोग होता. तिसऱ्या अंकात माझं दीड पानाचं स्वगत. पहिलं वाक्य म्हटलं आणि पुढे सगळं कोरं. नुसता समोरचा काळोख. धोंडूने ते अख्खं दीड पान मला ओळ-ओळ पुरवलं. तो एक ओळ द्यायचा, मी थांबून ऐकायचो, मग बोलायचो. लोकांना वाटलं, काय हे थांबणं! काय ही वेदना! टाळ्यांनी मंडप हलला. पुढे एका साप्ताहिकात माझ्या विरामांवर चार ओळी छापून आल्या. ते कात्रण धोंडूनेच मला आणून दिलं. तो काही बोलला नाही. मीही काही बोललो नाही.

तर असा तो, आणि असा मी. मला सगळे नाना म्हणतात. तोही नाना म्हणतो आणि अहो-जाहो करतो. मी त्याला अरे-तुरे करतो. तो वयाने माझ्याहून फक्त दोन वर्षांनी लहान आहे.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या वाचनालयातल्या श्रद्धाने एक टूम काढली. परदेशात राहणारी मराठी घरं असतात. तिथल्या मुलांना मराठी कळतं, पण तोंड उघडायला लाजतात. दर रविवारी अशा एका मुलाने रत्नागिरीतल्या एका म्हाताऱ्या माणसाशी अर्धा तास व्हिडिओवर गप्पा मारायच्या. तिकडे आई-वडील शेजारच्या खोलीत असणार. इकडे आम्ही सहा जण ठरलो. अनोळखी लोकांसमोर जायचं, तेव्हा तयारी कशी करावी, वागावं कसं, यावर पहिल्या बैठकीत मी बोलावं असं श्रद्धाने सुचवलं. स्वाभाविकच होतं. सहा जणांत लोकांसमोर उभं राहण्याची सवय मलाच.

मी दणकून बोललो. पाठ ताठ ठेवा. आवाज बेंबीतून काढा, शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेला पाहिजे. चेहऱ्याला पावडर लावा, घाम चमकतो. पहिल्या वाक्यात समोरच्याला जिंका. टाळ्या पडल्या. मग श्रद्धा म्हणाली, "धोंडूकाका, तुम्हाला काही सांगायचंय?"

धोंडूने खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"मी काय सांगनार? नाना बोललेच की सगळं. दोन गोष्टी तेवड्या विचारायच्या हुत्या. पोराला घरी काय हाक मारतात, ता आधी कळंल का? आन् एकादी गोष्ट विचारू नये अशी असंल, कुनी गेलंबिलं असंल घरात, तर ताही सांगून ठेव."

श्रद्धाने लिहून घेतलं. बाकीच्यांनीही पेनं काढली.

"आन् आपल्याकडं नवा मानूस दिसला की पयला प्रश्न काय, तुमी कुनापैकी? ता नको. तितल्या पोराला काय कळनार कुनापैकी ता?" सगळे हसले. "आन् आपल्या खोलीत दुसरं कुनी बसलेलं असंल तर पयलं तेला दाखवायचं, नाव सांगायचं. मोबाइलच्या मागं कुनाला लपवून ठेवायचं न्हाय."

मला राहवलं नाही. "हे तू सांगतोस? एकतीस वर्षं विंगेत लपून बोललास तू!"

"थितं तिकीट काडून आलेल्यांना ठाव असायचं नाना, की विंगेत मानूस असतो म्हनून. ह्या पोरांना काय ठाव?"

पुन्हा हशा. माझ्या भाषणात हशा पिकला नव्हता.

शेवटी त्याने गूळपाण्याचं काढलं. आमच्याकडे नवं माणूस दारात आलं की आधी गूळ आणि पाणी पुढे करायचं, कोण, कुठले, ते नंतर. धोंडूचं म्हणणं, हे व्हिडिओवरही चुकवता येणार नाही.

"पण काका," श्रद्धा म्हणाली, "गूळ त्यांच्यापर्यंत पोचणार कसा?"

"पोचत न्हाय, पन दिसतो ना? तेंनी तेंचं पानी घ्यावं, आपन आपलं. दोगांनी एकदम घोट घेतला की मंग बोलायला काय वाटत न्हाय."

हेही सगळ्यांनी लिहून घेतलं. माझी पावडर कुणीच लिहून घेतली नव्हती. मी डोकावून पाहिलं होतं.

माझ्या वाट्याला आली मनस्वी. अकरा वर्षांची, राहायला डब्लिनला. दोन वेण्या, पुढचे दात किंचित मोठे, डोळे टपोरे. आमचे साडेपाच वाजायचे तेव्हा तिकडे दुपारचे बारा. पहिल्याच रविवारी मी तिला माझा पहिला प्रयोग सांगितला, अगदी तोंडाला रंग फासण्यापासून. दुसऱ्या रविवारी राजाची भूमिका, आवाजासकट. तिसऱ्या रविवारी तुटलेल्या तलवारीचा किस्सा, जो ऐकून भले भले लोळले आहेत. ती "हो" म्हणायची, "छान" म्हणायची. मला आता प्रेक्षक राहिलेला नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. आमचं नाट्यगृह आठवणारी माणसं एकेक करून चालली. बायको माझे किस्से माझ्या आधी संपवते. त्या पोरीचा अर्धा तास हाच माझा आठवड्याचा प्रयोग झाला होता. शनिवारपासून मी मनात वेचे निवडत बसायचो.

चौथ्या रविवारी आमच्याकडचं इंटरनेट गेलं. मी धावतपळत वाचनालयात पोचेपर्यंत श्रद्धाने तिथेच बसलेल्या धोंडूच्या मोबाइलवरून मनस्वीला लावून दिलं होतं; त्याच्या वाट्याचा मुलगा सुट्टीवर गेला होता. मी आत शिरलो तेव्हा धोंडू तांब्या उंच करून धरत होता आणि पलीकडे ती पोरगी निळ्या पेल्यातून पाणी पीत हसत होती. मोठे दात दिसत होते. माझ्याशी बोलताना ते मी पाहिले होते की नाही, आठवेना.

दुसऱ्या दिवशी श्रद्धाचा फोन. "नाना, मनस्वी म्हणते, पुढचे दोन-तीन रविवार धोंडूकाकांशी बोलू का? चालेल ना तुम्हाला?"

"चालेल की! आनंदाने!" मी नायकाच्या आवाजात म्हणालो आणि फोन ठेवला.

दमयंती, म्हणजे माझी बायको, तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पोटात दुखतंय ना? ओवा देऊ?"

"मला काय होतंय?"

"तेच विचारतेय."

"मी त्या मुलीपुढे साक्षात रंगभूमी उभी करत होतो. तो गुळाचा खडा दाखवतो!"

"अहो, तिच्याकडे तेव्हा बारा वाजतात. जेवायची वेळ पोरीची. तीन रविवारांत एकदा तरी विचारलंत, जेवलीस का म्हणून?"

मी चप्पल घातली आणि स्टँडकडे चालत गेलो. तिथे चहावाल्याने निरखून पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही धोंडूकाकांच्या नाटकात होता ना?"

हे ऐकून घ्यावं लागलं मला. धोंडूकाकांच्या नाटकात! चहावाल्याचा पुतण्या जहाजावर नोकरीला लागणार होता, मुलाखत व्हिडिओवर होती आणि तो आदल्या दिवशी धोंडूकडे जाऊन आला होता. मग कळलं, असे बरेच जण जातात. कुणी मुलाखतीसाठी, कुणी मुलगी दाखवायची आहे म्हणून. धोंडू त्यांना बाकड्यावर बसवतो, उजेड कुठून घ्यायचा ते सांगतो, पडद्यावर स्वतःच्या चेहऱ्याकडे न बघता त्या बारीक भोकाकडे बघायला शिकवतो. मी स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत असे. इतकी वर्षं दुसऱ्यांनी पाहिला, आता कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकटीत मलाच दिसायचा, आणि मला तो सोडवत नसे.

त्यानंतरच्या रविवारी मी झाडगावात त्याच्या दारासमोर उभा होतो, ते वर सांगितलंच. कॉल सुरू झाल्यावरही मी तिथून हललो नाही. पण रस्त्यावरून ऐकू काही येईना. फक्त धोंडूची पाठ दिसायची. अर्ध्या तासात त्याचा हात दोनदा हलला. इतकंच. हा बोलतच नाही, तर पोरगी ऐकते काय?

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. मी रात्री जेवताना दमयंतीला सांगायचो, की धोंडूने काहीतरी लाडीगोडी लावली असणार. चॉकलेट दाखवत असेल. गाणी म्हणत असेल. माझेच किस्से स्वतःचे म्हणून सांगत असेल! ती म्हणाली, "मग जा आणि बघून या." तिने ते चिडून म्हटलं होतं. मी ते खरंच केलं.

पुढच्या रविवारी सव्वापाचला मी त्याच्या दाराशी पोचलो. काहीतरी कारण सांगून आत शिरायचं ठरवलं होतं. पण दार उघडं आणि खोलीत कुणी नाही. टेबलावर सगळं मांडून तयार. पायली, मोबाइल, तांब्या, बशी. धोंडू शेजाऱ्यांच्या ओटीवर उभा राहून त्यांना टीव्ही हळू करायला सांगत होता. त्याचा आवाज येत होता, "अर्धा तास फकस्त, वैनी."

पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये काशीच्या जुन्या लुगड्याचा पडदा आहे. मी त्याच्या मागे गेलो.

आयुष्यात मी पहिल्यांदाच पडद्याच्या त्या बाजूला उभा होतो, जिथे आपल्याला कुणी बघत नाही. पाय दुखायला लागले. नाकात फोडणीचा वास. कशाला तरी टेकावं म्हटलं तर आवाज होईल. ही एकतीस वर्षं त्याने उभ्याने काढली, असा एक विचार मनात आला आणि मी तो झटकून टाकला. त्या दिवशी मी त्याच्याविषयी चांगलं काही मानायला आलो नव्हतो.

साडेपाचला फोन वाजला. गूळपाणी झालं. घोट घेतल्याचा आवाजही मला ऐकू आला. मग धोंडू मनस्वीशी बोलला, अगदी स्वच्छ, सावकाश, पुस्तकातल्यासारखं. "बोल बाळा. मागच्या वेळी जिथे थांबलीस, तिथून."

आणि मग गप्प.

फटीतून मला तिचा चेहरा तळहाताएवढा दिसत होता. ती आधी खाली बघत होती. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, "आजोबा, तुमच्या गोष्टी छान आहेत."

बघा! म्हणजे गोष्टी सांगतोच हा!

"पण..." ती म्हणाली. "पण मला पण..."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तक्रार होती! पोरगी धोंडूलाही कंटाळली होती! आता ती सांगणार की तुमच्या गोष्टी छान आहेत, पण मला पण पुन्हा नानांकडे जायचंय. मी पडद्याला नाक लावलं.

"मला पण..." पुढचा शब्द येईना. ओठ हलत होते. धोंडू नुसता बघत होता. मनात म्हटलं, अरे दे की शब्द! तुझं कामच ते! ज्याने माझ्या श्वासाच्या फटीत दीड पान सरकवलं, तो या एवढ्याशा पोरीला एक शब्द देत नाही? तीन सेकंद. पाच सेकंद. रंगमंचावर पाच सेकंद म्हणजे प्रेतयात्रा असते. तिचे डोळे भरून यायला लागले असं मला वाटलं. आणि पुढचे शब्द एकदम दिसले तसे माझ्याच तोंडून निघून गेले:

"बोलू द्या!"

बेंबीतून. शेवटच्या रांगेपर्यंत.

मनस्वी दचकून मागे सरली. "कोण बोललं?"

धोंडूने मागे वळून पाहिलं नाही. त्याला माझा आवाज ओळखायला वळावं लागत नाही. तो मोबाइलकडेच बघत म्हणाला, "मनस्वी, माझी चूक झाली बाळा. माझ्या घरात दुसरं माणूस आहे आणि ते मी तुला आधी सांगितलं नाही. मला माहीत नव्हतं, पण घर माझं आहे, तर चूक माझी. तुला नको असेल तर आपण आत्ता फोन ठेवू. आईला हाक मारायची असेल तर मार."

"कोण आहे?"

"नाना आजोबा."

मी लुगड्यामागे घामाने भिजलो होतो. ती आता फोन ठेवणार, आईला सांगणार, आई श्रद्धाला सांगणार, आणि माझा रविवार कायमचा जाणार. पडद्यामागून चोरून ऐकणाऱ्या म्हाताऱ्याशी कोण आपल्या मुलीला बोलू देईल? मीही दिलं नसतं.

"मी थांबते," मनस्वी म्हणाली. "पण त्यांना दिसायला सांगा."

मी बाहेर आलो. धोंडू सरकला, मी बाकड्यावर बसलो. रंगमंचावर मी शेकडो वेळा माफी मागितली असेल, गुडघे टेकून, छाती बडवून, आणि दर वेळी टाळी घेतली आहे. इथे कसं मागायचं ते सुचेना. "चुकलो बाळ," एवढंच म्हणालो.

तिने मान हलवली. मग माझ्याकडे बघत, एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "नाना आजोबा, तुमच्या गोष्टी छान आहेत. पण मला पण बोलू द्या."

मी धोंडूकडे पाहिलं.

"दोन रविवार तालीम चाललीय नाना," तो हळू आवाजात म्हणाला. "पुडच्या रविवारी तुमच्याकडंच येनार हुती ती."

"धोंडू आजोबा म्हणाले," मनस्वीला आता जोर आला होता, "तुम्ही 'आणि मग' म्हणता, तेव्हा मोठा श्वास घेता. तेव्हाच बोलायचं. पण मी शब्द विसरते, आणि तुम्ही पुन्हा सुरू करता."

मला वाटलं होतं, धोंडूने माझा प्रेक्षक चोरून नेला. तो तर तिला माझ्याच नाटकात प्रवेश कुठून घ्यायचा ते दाखवत होता. हे कळल्यावर माझी असूया विरघळून गेली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. ती वाढलीच. माझा श्वास कुठे थांबतो हे अजूनही त्यालाच ठाऊक, आणि मनस्वीला माझ्याशी बोलायचं तर ते शिकायला त्याच्याच दारात जावं लागतं. आणि इतकं सगळं करून याने मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"बोल," मी मनस्वीला म्हणालो.

ती बोलू लागली. त्यांच्या घराजवळ कालवा आहे, त्यात हंस असतात. एका हंसाने तिच्या हातातला पाव ओढून घेतला आणि वर तिच्याच मागे धावला. ती पळाली, बूट चिखलात रुतला, बूट सोडून पळाली, आणि मग एका पायाने लंगडत घरी आली. शाळेत हे कुणाला सांगितलं नाही, कारण तिकडच्या मुलींना हंस म्हणजे काहीच वाटत नाही. मधे मधे ती थांबायची, शब्द शोधायची. मला त्यातला प्रत्येक शब्द येत होता. बूट चिखलात रुतला तिथे आवाज खाली न्यायला हवा होता, पळाली तिथे वर. मी जिभेचं टोक दाताखाली धरून बसलो. धोंडूचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला होता आणि तो जराही हलत नव्हता. तो नुसता वाट बघत होता, आणि शब्द आपोआप तिच्याकडे येत होते. हे त्याला कोणी शिकवलं? चाळीस वर्षं टाळ्या मी घेतल्या, मला का नाही आलं?

एक गोष्ट मला दिसली, ती लपवत नाही. हंसाची गोष्ट ती मला सांगत होती, पण मजेची जागा आली की तिची नजर माझ्याकडून निसटून डावीकडे जायची, जिथे धोंडू होता.

गोष्ट संपली. "मग बूट?" मी विचारलं. तिला हा प्रश्न मी पहिल्यांदाच विचारत होतो. हाच नव्हे, कुठलाही. ती खुलली. बाबांनी संध्याकाळी जाऊन बूट आणला, त्यात गोगलगाय निघाली. ती गोगलगाय अजून डब्यात आहे. ती दाखवायला डबा आणायला गेली.

तेवढ्यात धोंडू उठला. आपलं काम झालं की दिव्याच्या बाहेर व्हायचं, ही त्याची जुनी खोड. मी त्याचं मनगट धरलं.

"कुठे चाललास?"

"तुमी बोला नाना. मी आत हाय."

"बस म्हणतो ना."

तो बसला, बाकड्याच्या अगदी काठावर. मी मधोमध होतो. मी कधी मुद्दाम मध्ये बसत नाही, शरीरच जाऊन बसतं. मनस्वी डबा घेऊन आली. तिने काचेत आमच्याकडे पाहिलं आणि भुवया आक्रसल्या.

"नाना आजोबा पूर्ण दिसतात," ती म्हणाली. "धोंडू आजोबांचा एकच कान दिसतो."

मी कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीकडे पाहिलं. खरंच होतं. सगळी चौकट मी भरली होती. पंच्यातून आलेलं ते मऊ ऊन, त्याने स्वतःसाठी गाळून घेतलेलं, माझ्या कपाळावर, गालांवर, हनुवटीवर सुरेख पडलं होतं. मी अजून देखणा दिसतो. ती जागा मला सोडवेना. तो स्वतः काही म्हणणार नाही याची मला खात्री होती. एकतीस वर्षांत त्याने माझ्याकडे कधी काही मागितलेलं नव्हतं.

धोंडूने कोपराने मला हलकेच ढकललं.

"सरका जरा नाना. अर्ध्या मानसाशी बोलायचं कसं तिनं?"